डोळा पिकेपर्यंत

जीवरामने अंगठ्याने तिची हनुवटी उचलली, उगवतीकडे वळवली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने उजव्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून धरली. त्याची बायको द्रौपदाबाई ओट्याच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसावं तशी. ऊन नुकतंच गोठ्याच्या पत्र्यावरून अंगणात उतरलं होतं.

"वर पाह्य."

तिने वर पाहिलं.

"आता माझ्याकडे."

तिने डोळा त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या आवाजाकडे फिरवला. तो वाकून बघत राहिला. बुबुळ काळंभोर होतं, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखं. कुठे पांढरा ठिपका नव्हता, दुधावर धरते तशी साय नव्हती.

"कच्चा हाये," तो म्हणाला.

"अजून?"

"अजून. पिकू दे."

तिने पदराने डोळा टिपला आणि भिंतीला हात लावत ती आत गेली. जीवरामने खांद्यावर उपरणं टाकलं आणि तो मळ्याच्या वाटेला लागला. गेली दोन वर्षं त्यांच्या घरी दिवस असाच उजाडत होता.

पहूरच्या आसपास केळीचा घड कापायचा की ठेवायचा, हा निवाडा जीवरामचा. स्वतःचं रान थोडंच, पण नजर गावाची. घडाजवळ जाऊन तो केळ्याच्या उभ्या धारांवरून बोट फिरवी, त्या भरून बोथटल्या का ते बघे, नखाने टिचकी मारून कान देई आणि एवढंच म्हणे, "थांब." किंवा, "काप." त्याने थांब म्हटल्यावर कोणी कोयता उचलत नसे. माल घाईने वाया जातो, उशिराने जात नाही, हे त्याचं आयुष्यभराचं शहाणपण. त्या शहाणपणावर लोकांच्या केळीच्या वॅगनी भरून दिल्लीपर्यंत गेल्या होत्या आणि कधी कोणाचा बोल आला नव्हता.

मोतीबिंदू हा शब्द त्याच्या घरात आला तो शेजारच्या बेबाबाईमुळे. बेबाबाईच्या डोळ्यावर सारा, म्हणजे पांढरा पडदा, आला तेव्हा जळगावच्या डॉक्टरने तिला एकदा माघारी धाडलं होतं. अजून पिकला नाही, पिकल्यावर या. वर्षभराने ती पुन्हा गेली, डॉक्टरने मोतीबिंदू काढला, आणि जाड भिंगांचा चष्मा लावून बेबाबाई गावभर सुनांची उणीदुणी काढत हिंडू लागली. जीवरामला हे फार पटलं. ज्याला पिकणं ठाऊक आहे, ज्याला वाट बघणाऱ्याची कदर आहे, असा शहाणा आजार त्याने दुसरा ऐकला नव्हता.

म्हणून भाचीच्या लग्नात द्रौपदाबाईचे मांडे कडेला करपले, तेव्हा शब्द त्याच्या जिभेवर तयारच होता.

मांडे करावेत ते तिनेच. तापलेल्या खापरावर ती दोन्ही हातांवर पेललेला मांडा असा सोडायची की जणू लुगडं वाळत घातलं. त्या दिवशी मांड्याची कड खापराबाहेर गेली, जाळात लोंबली, आणि ती सावरताना तिचं मनगट भाजलं. बायका चपापल्या. ती मात्र हातावर राख चोळत म्हणाली होती, "मधलं सारं दिसते, बाई. कडाच दिसत नही."

"मोतीबिंदू हाये तो," जीवराम बाहेरून म्हणाला. "मोतीबिंदूत असंच व्हते. पिकला म्हंजे काढू."

पुढे ती दाराच्या चौकटीला धडकू लागली. बाजूने येणारी म्हैस तिला अंगावर येईतो कळेना. "बैलाले झापडं बांधता तसं केलं का देवानं तुले?" तो हसून म्हणायचा, ती पण हसायची. मग कधी तरी तिन्हीसांजेला दिवा लावून ती त्याच्यासमोर बसली. तिच्या तोंडी ओवी यायची ती कोणी शिकवल्याने नाही, भाजी निवडता निवडता यावी तशी यायची. त्या संध्याकाळी ती गुणगुणली,

दिव्याभोती दिसे मले
सात रंगाचं कांकन,
दिव्याची झाली नवरी
सांगू कोनाले जाऊन?

जीवराम जेवता जेवता थांबला होता.

"पुन्हा म्हन," तो म्हणाला.

तिने पुन्हा म्हटली. त्याने भाकरीचा तुकडा हातातच धरून ऐकली.

त्याच हिवाळ्यात पहूरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. तो तिला घेऊन गेला. रांग फाटकाबाहेर आली होती. उन्हात उभं राहून त्याने तिची हनुवटी पहिल्यांदा वर उचलली आणि डोळा निरखला. लख्ख काळा. त्याला भीतीच वाटली. कच्चा घड कापला तर तो पिकत नाही, काळा पडून सडतो. डोळ्याचं तसं झालं म्हणजे?

"चाल घरी. कच्चा हाये."

"एवढं आलो तं दाखवून तरी घेऊ."

"काय सांगीन डॉक्टर? पिकू दे म्हनीन. ते मीबी सांगतो."

परतताना त्याने बाजारातून तिला पावशेर गोडीशेव घेऊन दिली होती. ती वाटभर पुडीतली एकेक शेव मोडून खात आली.

तेव्हापासून सकाळची ही तपासणी. घरात तिची सासू होती तोवर दिवसाउजेडी बायकोच्या तोंडाकडे बघायची रीत नव्हती. पुढे सासू गेली, रीतही गेली, न बघायची सवय तेवढी राहिली. मुलगी सुनंदा धुळ्याला नांदायला गेली, घरात दोघंच उरली, तरी तो जेवताना ताटाकडे बघे आणि ती चुलीकडे. आता मात्र रोज सकाळी तो तिचा चेहरा हातात धरत होता. तिच्या डाव्या पापणीच्या कडेला तिळाएवढा डाग आहे, हे त्याला साठीला टेकल्यावर कळलं. आणि त्याच्या हे लक्षात आलं नाही, की पायरीवर बसण्याआधी ती तोंड धुऊन, केस चापून, नवं कुंकू लावून येते. कुंकू अलीकडे कधी कपाळाच्या मध्यापासून जरा सरकलेलं असे.

यंदा ती मळ्याच्या पाटात पडली. कमरेएवढ्या खोल पाटात, भर दुपारी, रोजच्या वाटेवर. जीवरामने तिला हात देऊन वर काढलं तेव्हा बेबाबाई बांधावरच होती.

"भाऊ, तुमच्या बायकोचा डोया हाये का काय हाये?" ती म्हणाली. "केयीबी वरसात येते. कच्चा कच्चा म्हनता खोड सुकून जाईन. उद्या जयगावले शिबिर हाये. तुम्ही नेता का मी नेऊ?"

शिबिर एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये होतं. फिनेलचा वास, सतरंजीवर बसलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या कपाळावर, दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला, खुणेचा चिकटपट्टीचा तुकडा. हिरव्या पडद्याआड द्रौपदाबाईला नेलं. डोळ्यात थेंब टाकून तिला टेबलावर आडवं केलं, एवढं त्याला फटीतून दिसलं. मग बराच वेळ काही दिसलं नाही. त्याने टोपी काढली, घडी घातली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

त्याला आत बोलावलं तेव्हा द्रौपदाबाई पलीकडे, बोलणं ऐकू जाणार नाही एवढ्या लांबच्या बाकावर, डोळ्यांना कापूस लावून बसली होती. डॉक्टर तरुण बाई होती. सकाळपासून उभी असावी, कारण बोलताना एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती.

"तुम्ही यांचे कोण?"

"माझी घरवाली हाये ते. मोतीबिंदू हाये तिले. पिकला का, बाई?"

"बसा, बाबा."

तो बसला नाही.

"मोतीबिंदू नाही हा," ती म्हणाली. "काचबिंदू आहे. मोतीबिंदूत भिंगावर सारा येतो. तो काढला की पुन्हा दिसतं, म्हणून त्यात थांबलं तरी चालतं. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. बाहेरून डोळा चांगलाच दिसतो."

"काळाभोर," जीवराम म्हणाला.

"हो. डावा गेलाय. उजव्यात चाळणीच्या एका भोकातून दिसावं तेवढं उरलंय. मी थेंब लिहून देते. उरलंय ते टिकलं तर टिकलं. गेलेलं येणार नाही."

"पिकल्यावरबी नही?"

डॉक्टरबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काचबिंदू पिकत नाही, बाबा."

मग लिहिता लिहिता तिने विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, असं कधी बोलल्या होत्या का तुमच्याजवळ?"

जीवरामने बाकाकडे पाहिलं. द्रौपदाबाईचे ओठ मिटलेले होते.

दोन वर्षं कट्ट्यावर, मळ्यात, सोयऱ्यांच्या पंगतीत तो सांगत आला होता. मोतीबिंदूला घाई चालत नाही. मोतीबिंदू पिकावा लागतो. मोतीबिंदू काढला की माणसाला पहिल्यासारखं दिसतं. त्याचं एकही वाक्य चुकलं नव्हतं. बेबाबाईच्या डोळ्याला ती सगळी लागू होती.

"आधी आनलं असतं तं?"

"दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरीच नजर राखता आली असती." मग तिचा स्वर जरा उतरला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला बाईंनीच सांगितलं. तुम्ही शिबिराच्या फाटकापर्यंत नेलं होतं, त्याच भ्यायल्या आणि माघारी फिरल्या. बायका भितात."

जीवरामने तोंड उघडलं. पलीकडून कोणीतरी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. एक म्हातारा काठी टेकत येऊन त्याच्या जागी उभा राहिला, आणि तो बाजूला झाला.

एस.टी.त तिला खिडकीची जागा मिळाली. तिने कापूस काढून टाकला होता. बाहेर पऱ्हाटी फुटली होती, रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या झाल्या होत्या. ती समोर बघत होती. तशीच, मान न वळवता म्हणाली,

"काय म्हने बाई? पिकला?"

त्याने खिशातली थेंबांची बाटली चाचपली.

"नही पिकला अजून," तो म्हणाला. "हे थेंब देल्ले. टाकत राह्याचे. म्हंजे लवकर पिकतो."

"केयीले भट्टी लावता तसं?"

"हां. तसंच."

"बरं," ती म्हणाली.

पहूरच्या स्टँडवर उतरल्यावर तिने त्याच्या बाहीला धरलं. "गोडीशेव घ्या थोडीशी. मांगच्या बारीले घेतली व्हती तशी."

त्याने घेतली. पुडी तिच्या हातात दिली. ती वाटभर एकेक शेव मोडून खात आली, आणि तो दोन पावलं पुढे चालत राहिला.

पुढे सकाळी तपासणी झाली की थेंब पडू लागले. थेंब झोंबत, ती ओठ दाबून धरी. तो हनुवटी उचलून ऊन कुठे आहे ते बघे, वर पाह्य म्हणे, माझ्याकडे म्हणे, आणि मग त्याला तो शब्द काढायला वेळ लागू लागला.

"कच्चा?" तीच विचारायची.

"हां. कच्चाच."

"मंग पिकू दे."

मळ्यात सुपडूने त्याला केळी दाखवायला नेलं. सुपडू त्याच्या चुलतभावाचा मुलगा, यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर केळी लावलेला. जीवराम घडाजवळ गेला, पण त्याने धारांवरून बोट फिरवलं नाही, टिचकीही मारली नाही.

"काप," तो म्हणाला.

"आबा, धारा तं अजून उभ्या हायेत. मले पोरालेबी दिसतात."

"काप म्हनतो ना. काहाले थांबतो?"

सुपडू कोयता हातात घेऊन हसला. "आज काय जिभेले चटका बसला का काय तुमच्या? थांबच्या जागी काप आलं." मग त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कोयता खोडाशी टेकवून ठेवला. "राहू द्या, आबा. पुढच्या हप्त्यात पाहू."

त्यानंतर जीवराम कोणाच्या केळीत गेला नाही. बोलावणं आलं की म्हणे, "तूच पाह्य. तुले डोये हायेत."

तुरी निघाल्या त्या दिवसांतली गोष्ट. दुपार कलली होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तो घराच्या मागच्या बाजूने आला. तुराट्यांच्या कुडापलीकडे अंगणात बेबाबाई आणि द्रौपदाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. द्रौपदाबाईची बोटं भराभर चालत होती. शेंगा सोलायला डोळे लागत नाहीत.

"या चष्म्यातून मले माझी सूनबी देखनी दिसते," बेबाबाई सांगत होती. "म्हंजे समज, काय भिंग हाये ते."

द्रौपदाबाई हसली.

"तुझा कधी पिकते व, माय? तुलेबी असा चष्मा भेटला म्हंजे दोघी जनी बसू पाहात."

"माझा नही पिकत, बेबाबाई. माझा मोतीबिंदू नही. मले काचबिंदू हाये." चूल पेटत नाही, लाकडं ओली आहेत, असं सांगावं त्या स्वरात ती बोलत होती. "काचबिंदू पिकत नही. गेलं ते गेलं. आता या डोयानं उजेड कुठी हाये तेवढं समजते. तेबी परवापून निट नही."

सुपात पडणाऱ्या दाण्यांचा आवाज थांबला.

"कोनं सांगलं तुले?"

"त्या डॉक्टरीनबाईनं. टेबलावरच सांगलं, त्यायले आत बोलवाच्या आधी. डोया माझा व्हता ना."

"अन् जीवरामभाऊ तं गावभर सांगतात, कच्चा हाये म्हून."

"सांगू दे."

"त्यायले ठाव नही?"

"ठाव हाये."

बेबाबाईने चष्मा काढून लुगड्याला पुसला. द्रौपदाबाईने चाचपून सूप जवळ ओढलं.

"तू काही बोलू नको त्यायच्यापाशी," ती म्हणाली. "सकायी पाहतात ते. पाहू दे."

भाऱ्याचं वजन जीवरामच्या मानेत उतरलं होतं. तो हलला असता तर गवत खसखसलं असतं, म्हणून तो तसाच उभा राहिला. आत पुन्हा दाणे पडू लागले. मग त्याने हळूच पाय मागे घेतला, एक टाकला, दुसरा टाकला, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत परत गेला. तिथून तो, बायका बसल्या असतील तिथे पुरुषाने यावं तसा, मोठ्याने खाकरत आला.

"आलो वं," तो म्हणाला. बेबाबाई घाईने उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यातून हात धुऊन येतो, तो ती पायरीवर येऊन बसलेली. तोंड धुतलेलं, केस चापलेले. कुंकू भुवईच्या वर, उजवीकडे सरकून लागलं होतं. हात मांडीवर ठेवून तिने मान वर केली होती, तपासणीसाठी करायची तेवढीच. पण उगवत तिच्या पाठीशी होती. ऊन तिच्या अंबाड्यावर पडलं होतं, आणि ती भिंतीच्या सावलीकडे तोंड करून वाट बघत होती.

रोजच्यासारखा जीवरामचा अंगठा तिच्या हनुवटीकडे गेला. त्याने चेहरा वळवला नाही. तो स्वतःच पायरीला वळसा घालून भिंतीकडे आला, सावलीत तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हनुवटी हातात घेतली. त्या सावलीत बुबुळ काळं की पांढरं, काही कळण्यासारखं नव्हतं. आधी त्याने कुंकू अंगठ्याने पुसून मध्यावर आणलं.

"वर पाहू?" तिने विचारलं.

"नको. हाये तशीच राह्य."

ती तशीच राहिली. पापणीच्या कडेचा तिळाएवढा डाग त्याला त्या सावलीतही दिसला. गोठ्यात म्हैस दावणीला डोकं घासत होती. रस्त्याने सायकलवरून जाता जाता कोणीतरी रामराम घातला.

"आज लई वेळ लावला," ती म्हणाली. "कसा हाये?"

"कच्चा हाये," जीवराम म्हणाला, आणि त्याने हात काढला नाही.